‘माझी मैना’ : छत्री गाळलेले गाणे

अण्णाभाऊ साठे ह्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड महाराष्ट्र गेली साठाहून अधिक वर्षे गातो आहे. गातो आहे म्हणजे तिचा पहिला तुकडा गातो आहे. लग्नाच्या मांडवात, ऑर्केस्ट्रात, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, जयंतीच्या मिरवणुकीत आणि आता हातातल्या मोबाइलवर जी ‘मैना’ ऐकू येते, ती गावी राहिलेल्या एका देखण्या बायकोची आणि तिच्या आठवणीने तळमळणाऱ्या नवऱ्याची आहे. तीन-चार मिनिटांत ती आटोपते. लोक शिट्या मारतात, पुढचे गाणे सुरू होते. अण्णाभाऊंचे गाणे मात्र तिथे संपत नाही. खरे म्हणजे ते तिथून सुरू होते.

माझी तक्रार एकट्या गाणाऱ्यांविषयी नाही. आपल्या समीक्षेनेही हे गाणे कापलेच आहे, फक्त उलट्या बाजूने. पुरोगामी समीक्षक सांगतो की पहिला शृंगार हे गर्दी जमवण्याचे आमिष, शेवटचे रूपक हाच खरा ऐवज. रंजनवादी रसिक सांगतो की शेवट हा प्रचार, पहिला भाग हीच खरी कविता. एकाला डोके नको, दुसऱ्याला पाय नकोत. पण दोघांचीही कात्री एकाच जागी चालते, आणि त्या जागेवरचा जो भाग आहे, मुंबईत बेकार हिंडणाऱ्या माणसाचा, तो दोघांच्याही हातून खाली पडतो. ह्या लेखात मला त्या पडलेल्या भागाविषयी बोलायचे आहे.

छक्कड हा लावणीच्याच घराण्यातला प्रकार. तमाशाच्या फडात वाढलेला, ढोलकी-तुणतुण्यावर जलद चालणारा. ‘माझी मैना’ची बांधणी पाहा. एकाच यमकाच्या ओळींची लांबलचक रांग येते, श्वास संपत आला की तीन आखूड ओळींचे तीन ठोके पडतात, आणि मग पाळीपद. ह्या रांगेतल्या बहुतेक ओळी ‘ची’ ह्या प्रत्ययावर संपतात. वर्गात विभक्ती शिकवताना मी मुलांना षष्ठीचे उदाहरण म्हणून हेच गाणे देतो. षष्ठी म्हणजे संबंध. आणि आपल्या समाजात बहुतेक संबंध मालकीचे असतात हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. अण्णाभाऊंनी हे व्याकरण ठरवून केले की चालीच्या ओघात आले, ह्या वादात मी पडत नाही. गाण्यात जे घडते ते असे : आरंभी हा ‘ची’ बायकोच्या रूपाचे तपशील मोजतो, मग दागिन्यांची नावे मोजतो, मग मुंबई नेमकी कोणाकोणाची आहे ते मोजतो, मग लढा कोणाकोणाचा ते, आणि अखेर जी भूमी आपली म्हणून मागितली ती दुसऱ्याच्या मालकीची झाली, इथे येऊन थांबतो. रूपवर्णनात जो प्रत्यय गोड वाटला तोच शेवटी काटा होऊन टोचतो. पहिला तुकडाच गायला तर प्रत्यय नुसता गोडच राहतो. ह्याच अण्णाभाऊंनी मुंबई कोणाची, हा प्रश्न ‘माझी मुंबई’ ह्या लोकनाट्यातही विचारला, हे इथे लक्षात घ्यावे.

आता मधला भाग. गरिबीने नवरा-बायकोची ताटातूट केली आहे. तो मुंबईला निघतो, ती गावदरीपर्यंत पोचवायला येते. तिचे तोंड उतरते. तिला हसवण्यासाठी तो पत्रांची, वचनांची खैरात करतो. शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ, सगळे देऊ करतो. पायापासून नाकापर्यंत तो तिला सोन्याने मढवतो, तोंडी. ती हसत नाही. हात उंच करून उभी राहते. इथपर्यंत सगळे गातात. काही जण दागिन्यांच्या यादीवर विशेष नखरा करतात, कारण टाळी तिथे पडते.

पुढच्या कडव्यात तोच माणूस मुंबईत बेकारांच्या लोंढ्यात एक होऊन पडला आहे. भोवती यंत्रे आहेत, हडसन गाड्या आहेत, नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या आहेत, माड्यांवर माड्या आहेत, चोर आणि भांडवलदार आहेत. ऊन-थंडी-पाऊस न बघता तो कामामागे धावतो. त्याचे खिसे भरतात ते पावसाच्या पाण्याने, आणि त्याला वाण पडलेली असते ती एका छत्रीची.

ज्याने कोल्हापुरी साज कबूल केला त्याला छत्री मिळत नाही. मला हे गाण्याचे मर्म वाटते. दागिन्यांची यादी ही शृंगाराची यादी नव्हती, ती कर्जाची यादी होती, हे छत्री आल्यावरच कळते. छत्री गाळली की ती यादी पुन्हा नुसता शृंगार होते, आणि ती बाई का हसली नाही ह्याचे उत्तर गाण्यातून नाहीसे होते. तिला ठाऊक होते. मुंबईला गेलेली माणसे काय घेऊन परततात हे तिने आळीत पाहिलेले असणार.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासह अण्णाभाऊंनी लालबावटा कलापथक उभे केले. गिरणगाव हा त्यांचा मंच होता. सरकारने पथकावर बंदी घातली, तमाशावर बंधने आणली, तेव्हा तमाशाचे लोकनाट्य करून अण्णाभाऊ पुन्हा उभे राहिले. वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेल्या मातंग कुटुंबातला हा मुलगा. मुंबईचे वर्णन त्याने पुस्तकातून घेतलेले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शंभरावर माणसे मारली गेली. ह्या काळातल्या सभांत शाहिरांनी जे काम केले ते वर्तमानपत्रांना जमणारे नव्हते. ‘माझी मैना’त परळ, लालबाग, फाउंटन येतात, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील नावानिशी येतात, आणि रावण-इंद्रजिताच्या पंक्तीला बसवले जातात. शेवटी विजयाची गुढी उभारली जाते, तरी गाणारा शांत होत नाही. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेरच राहिले. गावी राहिलेली मैना म्हणजे तो तुटलेला मुलूख, हे रूपक इथे उघडते. बेळगाव-कारवार १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले. डांग-उंबरगाव १ मे १९६० ला गुजरातेत. गाण्याची अखेर पाहता ते चळवळीबरोबर वाढत गेले असावे असे मला दिसते. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात. ज्या दोन गळ्यांवर त्या छक्कडीचा मूळ बाज उभा होता ते दीड महिन्याच्या अंतराने बंद झाले.

त्यानंतर ती अनेकांनी गायली. शाहीर विठ्ठल उमपांच्या गळ्यातून ती पुढच्या पिढीच्या कानी पडली. उमप हे आंबेडकरी जलशाच्या संस्कारातले गायक, त्यामुळे त्या गायकीत मातीही होती आणि धारही. पण उमपांच्या मागून आलेल्या ऑर्केस्ट्राने माती तेवढी उचलली. कोणी म्हणेल, हा यंत्राचा दोष आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, गाणे आखडले ते तेव्हापासून. ही सबब मला पटत नाही. कॅसेट आली तेव्हा एका बाजूला अर्धा तास मिळत होता; आता मोबाइलवर वेळेला मर्यादाच नाही. जागा वाढत गेली आणि गाणे तेवढेच राहिले. तेव्हा कात्री यंत्राच्या हातात नव्हती. ऐकणाऱ्याला काय सोसवते आणि बिदागी देणाऱ्याला काय चालते, ह्यावर ती चालत होती.

मी धावड्याला असतो. भोकरदन तालुक्यातले हे गाव, अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्याच्या शिवेजवळ. इथे वर्षभरात ‘माझी मैना’ तीन तऱ्हांनी ऐकू येते. लग्नातली मैना रूप आणि दागिने इतकीच. सरकारी किंवा शाळेच्या कार्यक्रमातली, विशेषतः १ मेची, ह्याच्या उलट : रूपवर्णनावर गुरुजी लाजतात म्हणून ते आखडते, संयुक्त महाराष्ट्राचे कडवे जोरात येते, पण मोरारजी-पाटलांची नावे सौजन्याने वगळली जातात, भांडवलदार वगळला जातो, बेकारांची गर्दी तर वगळली जातेच. शत्रू नसलेला लढा आणि कारण नसलेला विजय. तिसरी मैना १ ऑगस्टची, अण्णाभाऊंच्या जयंतीची, डीजेच्या भिंतीवरची. तिच्यात ‘ची’च्या लांब रांगा नाहीशा होतात, कारण त्यांच्यावर पाय पडत नाही, उरतात ते तीन आखूड ठोके आणि पाळीपद, पुन्हा पुन्हा. पोरे बेभान नाचतात. त्यांना नावे ठेवणाऱ्या शिष्टांत मी नाही. वर्षात एक दिवस ज्यांना रस्त्याच्या मधोमध चालता येते त्यांनी नाचू नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण छत्री तिथेही नाही. २००२ साली अण्णाभाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. माणूस पूर्ण झाला आणि गाणे अर्धे राहिले.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा एक भटका गायक होऊन गेला. धुळीच्या वादळांनी आणि मंदीने घरदार सुटलेल्या शेतकऱ्यांची गाणी त्याने बांधली. फेब्रुवारी १९४० मध्ये त्याने ‘धिस लँड इज युवर लँड’ लिहिले, तेव्हा रेडिओवर गाजत असलेल्या एका देवभोळ्या देशभक्तिगीताला वैतागून. हा देश तुझा आणि माझा, असे सांगणारे ते गाणे पुढे तिथल्या शाळांतून जवळजवळ राष्ट्रगीतासारखे झाले. पण मूळ लेखनात आणखी दोन गोष्टी होत्या : खाजगी मालमत्तेची पाटी, आणि मदत कचेरीसमोर उभी असलेली भुकेली रांग. शाळेपर्यंत पोचताना ह्या दोन्ही गळाल्या. १८ जानेवारी २००९ रोजी, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, नव्वदीला टेकलेले पीट सीगर ब्रूस स्प्रिंगस्टीनसह लिंकन स्मारकापुढे उभे राहिले आणि त्यांनी ती गाळलेली कडवी लाखोंच्या समोर गायली. आपल्याकडे असे कोणी उभे राहिल्याचे मी पाहिलेले नाही. तिथेही वाद षष्ठीचाच आहे, आणि तो तेवढ्याने मिटत नाही. ज्यांच्याकडून ती भूमी हिसकावली त्या मूळच्या जमातींनी विचारले आहे की ‘तुझा आणि माझा’ ह्यात आम्ही कुठे?

नेमका हाच प्रश्न ‘माझी मैना’ला आपण विचारायला हवा. हे गाणे आपल्या माणसाचे आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, ही भक्ती झाली. १९५८ च्या मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन ज्यांनी केले आणि ‘फकिरा’ ज्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्या अण्णाभाऊंना लाल की निळे ह्या तागडीत तोलण्याचा खेळ आपण पुष्कळ खेळलो. मला तो वांझ वाटतो. पण ह्या एका गाण्यात जात कुठे आहे, असे विचारणे वांझ नाही. गाण्याच्या नायकाला वर्ग आहे, जात नाही. त्याचे ‘गाव’ अखंड आहे. तो कामगार, शेतकरी, मध्यमवर्गीय ह्यांची एक फौज पाहतो, आणि त्या फौजेचे राज्य आले की मैना भेटेल असे त्याला वाटते.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयीचा आपला ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना नेमके हे अखंडपण संशयास्पद वाटले होते. एका भाषेच्या राज्यात जी जात संख्येने मोठी ती राज्य करणार आणि विखुरलेल्या लहान जाती तिच्या दयेवर जगणार, ही त्यांची भीती. म्हणून त्यांनी मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये सुचवली. त्या आराखड्यात धावडा मध्य महाराष्ट्रात पडतो आणि शेजारचे बुलढाणे पूर्व महाराष्ट्रात. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत सामील झाले, दादासाहेब गायकवाडांसारखे नेते लढ्यात उतरले, हे खरे; दलितांनी ह्या राज्यासाठी काही कमी दिले नाही. पण शंका खोटी ठरली का? आमच्या भागापुरते बोलतो. १९५६ पर्यंत भोकरदन हैदराबाद राज्यात आणि बुलढाणे मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ही सीमा पुसली गेली. धावड्याच्या मराठी माणसाची मैना त्या दिवशी भेटली असे म्हणायला हरकत नाही. त्याच्या अठरा दिवस आधी नागपुरात धम्मदीक्षा झाली होती आणि पाच आठवड्यांनी बाबासाहेब गेले. वस्तीला ते साल ह्या दोन तारखांनी आठवते, राज्याच्या सीमेने नव्हे. गाव आणि वस्ती ह्यांच्यामधली सीमा मात्र कोणत्याच पुनर्रचना कायद्यात नव्हती. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा ह्याच एकभाषी राज्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तारासाठी १९९४ उजाडावे लागले.

तरीही मी हे गाणे टाकून द्यायला तयार नाही. त्यात एक शब्द असा आहे की जो अण्णाभाऊंच्या पक्षाच्या भाषेतून आलेला नसून मांगवाड्याच्या अनुभवातून आलेला आहे. तो शब्द ‘गावदरी’. मैना नवऱ्याला गावदरीपर्यंत सोडायला येते आणि तिथे तिचे तोंड उतरते. गावातल्या वाड्यांना गावदरी म्हणजे गाव संपण्याची जागा. आपल्या वस्त्या तिथेच तर असतात. निरोप जिथे संपतो तिथे आपले घर सुरू होते. गाण्याने जात सांगितली नाही, पण जागा सांगितली. असे मी वाचतो. कोणाला ते ओढून आणलेले वाटले तर वाटो. दागिन्यांकडेही ह्याच जागेवरून पाहता येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले होते की अस्पृश्यपणाची खूण असलेले दागिने आणि नेसण टाका. अंगावर काय घालायचे हे ज्यांच्या बाबतीत गाव ठरवत होते, त्यांच्या नवऱ्याने वज्रटीक आणि साज कबूल करणे ह्यात नुसता लाड नाही, वरच्या घरांशी बरोबरीची ऐट आहे. म्हणून ती यादी फसवी असूनही मला खोटी वाटत नाही.

राहिली ती स्वतः मैना. साऱ्या गाण्यात ती एक शब्दही बोलत नाही. तिचे रूप वर्णन झाले, तिला सोने कबूल झाले, तिचा मुलूख झाला. भूमीला बाई म्हणायचे आणि बाईला भूमी, ही जुनी खोड क्रांतिकारकांनाही सुटलेली नाही. आणि आमच्या भागात तर गाण्याचा पायाच हलतो. पुरुष गिरणीत आणि बायको गावी, ही रीत कोकणाची, साताऱ्या-सांगलीची. गिरण्या १९८२ च्या संपानंतर मोडल्या. परळ-लालबागला आता चिमण्यांच्या जागी मनोरे आहेत. मराठवाड्यात, बीडमधून सर्वात अधिक आणि जालन्यातूनही, जे लोंढे निघतात ते ऊसतोडीचे. तिथे हिशेब ‘कोयत्या’चा असतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, फेडायचीही जोडीने. म्हणजे आमची मैना गावावर राहत नाही. ती फडात ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. गावी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतून गळालेली पोरे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या काही बायांना मी ही छक्कड आरंभापासून अखेरपर्यंत वाचून दाखवली. मुंबईचे कडवे त्यांना सगळ्यात जवळचे वाटले. फडातल्या कोपीत पाऊस शिरतो तेव्हा खिशाला पाणी कसे लागते हे समजावून सांगावे लागले नाही. दागिन्यांवर त्या हसल्या. बेळगाव-कारवारावर गप्प राहिल्या. मग एकीने विचारले की त्या मैनेला लेकरे होती का, आणि तो मुंबईला गेल्यावर सासूला कोणी सांभाळले. गाण्यात ह्याचे उत्तर नाही. उत्तर द्यायचे काम छक्कडीचे नव्हतेच, ते जात्यावरच्या ओवीचे होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ ह्यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत गावी राहिलेल्या बाईचे सगळे म्हणणे आहे. पण शाहिरीचा इतिहास लिहिताना तो ढीग कोणी उघडत नाही.

नंतर आमच्या नववीच्या मुलींनी त्या दोन प्रश्नांवर आपल्या चार ओव्या रचल्या, छत्रीच्या कडव्यानंतर म्हणायला. जाती आता घरात नाहीत, गिरणीतून पीठ येते. चाल त्यांनी आज्यांकडून घेतली, आणि दोन आज्यांचे चालीवर एकमत होईना म्हणून चारपैकी दोन ओव्या एका चालीत आणि दोन दुसऱ्या चालीत बसल्या आहेत.